नऊ सेंटीमीटरचा फरक

छावणी, पूर्व किनारा,
निकोबार
दि. ८ जानेवारी २००६

ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण पुढचं वाचायच्या आधी तू पप्पांना हाक मारून तेवढंच विचारणार हे मला इथे बसून दिसतंय. ताप नाही, पोट ठीक आहे, केस मात्र कापून टाकलेत. ओरडायचं ते आत्ताच ओरडून घे.

पोर्ट ब्लेअरहून तीन दिवस जहाज, मग लहान होडी. इथे धक्का होता म्हणे, तो त्सुनामीत गेला. त्यामुळे होडी किनाऱ्याला लागत नाही, कमरेइतक्या पाण्यात उतरायचं आणि सामान डोक्यावरून न्यायचं. आमच्याकडे चार-चार मीटरच्या दोन लाकडी पट्ट्या असतात, आकडे रंगवलेल्या. त्यातली एक लाटेनं हातातून हिसकावली. आमचे खलाशी, म्हणजे मोजणीतले मदतनीस, हरिचंद्रकाका तिच्यामागे असे झेपावले की जणू त्यांची लेकच वाहून चाललीय. पट्टी मिळाली, पण तिच्या बुडाला जी पितळेची टोपी असते ती समुद्राला गेली. काकांनी फुटक्या होडीच्या बिजागरीचं पितळ कापून, ठोकून दोन दिवसांत नवी टोपी बसवली. इतकी सुबक की जुनी कुठली ते सांगता येत नाही. काका मूळचे अंबरनाथजवळच्या पालेगावचे, बरं का! बत्तीस वर्षं नोकरी झालीय. मला सगळ्यांदेखत ‘बाय’ म्हणतात.

आता काम सांगते, म्हणजे शेजारच्या मोतीबाई मावशींना उत्तर देता येईल. भूकंपात हे अख्खं बेट मीटरभर खाली बसलं. जुन्या नकाशात जिथे नारळाच्या बागा आहेत तिथून आम्ही होडीनं आलो. पाण्यात माड उभे आहेत, वाळलेले, शेंडे नसलेले. जमीनच खचल्यामुळे डोंगरांच्या लिहून ठेवलेल्या उंच्या सगळ्या खोट्या झाल्या. त्या नव्यानं मोजायच्या. पूर्वेच्या भरतीच्या खुणेपासून निघायचं, मधली डोंगराची धार चढायची, पश्चिमेच्या समुद्रावर उतरायचं आणि त्याच वाटेनं मोजत परत यायचं. वाट चौदा किलोमीटर. तिला आम्ही रेषा म्हणतो. नकाशावर त्या तपकिरी वळणदार रेघा असतात ना, त्या सगळ्या या एका रेषेच्या आधारानं काढल्या जातील.

आणि आई, ही रेषा माझ्याकडे दिलीय. छावणीत तेरा माणसं, त्यात मी एकटी मुलगी. आमच्या तुकडीत आजवर मुलीला ऑफिसातलं ड्रॉइंगचं टेबल मिळायचं, डोंगर नाही. मला इतका आनंद झालाय की जळवा चिकटल्या तरी रागवावंसं वाटत नाही.

टपाल पंधरा दिवसांनी एकदा जातं. उशीर झाला तर घाबरू नकोस. पप्पांना जयभीम सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
संध्या

*

कात्रप, बदलापूर (पूर्व)
दि. २४ जानेवारी २००६

चि. संध्या हिस,
अनेक मंगल आशीर्वाद.

पत्र काल पोचलं. केसांचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा टाकला. तुझ्या पप्पांनी उरलेलं वाचून दाखवलं तेव्हा राग गेला, पण सगळा नाही. जळवांना मीठ लावायचं, ओढायचं नाही. एवढं तरी तिथे कुणाला माहीत आहे का?

पप्पांनी भारताचा मोठा नकाशा आणून भिंतीला लावलाय. तुझं बेट मसुरीच्या दाण्याएवढं आहे. त्याच्यावर त्यांनी लाल पेनानं गोल केला, तर गोलाखाली बेटच गेलं. आता आल्यागेल्याला तो गोल दाखवतात. मोतीबाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या की पंचविशीच्या पोरीचं लग्न करायचं सोडून भीमरावांनी तिला समुद्रात टाकली. पप्पा तो गोल आणखी ठळक करत बसले. मी बोलले. काय ते विचारू नकोस, पण त्या दोन दिवस जिन्यात दिसल्या नाहीत.

आमचं नेहमीचंच. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात लछूसेठच्या कारखान्यात जीन्सची मोठी ऑर्डर आहे, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. मास्तर कटिंगच्या टेबलाला बायकांना हात लावू देत नाहीत, ते अजूनही तसंच. सेठ दिवसातून चारदा येऊन ‘शालनबाई, जल्दी करो साईं’ म्हणून जातात आणि मी दिवसातून चारदा हो म्हणते.

एक गंमत सांगते. परवा पालेगावला आमच्या कारखान्यातल्या कौसाबाईच्या घरी गेले होते. तिथे शेतात इमारती उठतायत, आणि बांधावर तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण लावून एक जण उभा. पुढे दुसरा पट्टी धरून. मी थांबलेच. त्याला म्हटलं की माझी मुलगी हेच काम निकोबारला करते. मग मी पट्टीवाल्याला सांगितलं की नीट सरळ धर, तिरकी झालीय. खरंच तिरकी होती गं! कौसाबाई मला ओढत घेऊन गेली.

तेरा माणसांत एकटी आहेस, ते मी वाचलं. तुला काळजी वाटत नसेल तर मी करते, कुणीतरी करायला पाहिजे. जेवण वेळेवर घे. हरिचंद्र भाऊंना आमचा जयभीम सांग आणि पालेगावचे आहेत म्हणून आणखी एकदा सांग. लोभ कमी होऊ देऊ नको.

तुझी आई,
शालन

*

छावणी, पूर्व किनारा
दि. १४ फेब्रुवारी २००६

ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पालेगावचा भाग काकांना वाचून दाखवला, तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र त्या दिवशी हसण्याच्या स्थितीत नव्हते. तुला लपवून ठेवायचं म्हटलं तरी तू पुढच्या पत्रात ओळखशीलच, म्हणून सगळं लिहिते.

रेषा पूर्ण झाली. जाताना अकरा टप्पे, येताना तेच अकरा. जंगल असं की कोयत्यानं तोडल्याशिवाय चार पावलं पुढची पट्टी दिसत नाही. काका रोज पुढे वाट तोडत जायचे, त्यांची नवी टोपीवाली पट्टी घेऊन, आणि मागच्या खुंटीवर दुसरी पट्टी असायची. मी मध्ये दुर्बिणीचं यंत्र मांडायचं, मागची वाचायची, पुढची वाचायची, वजा करायचं. मग मागची पट्टी पुढे जायची. दुपारी पाऊस आला की जिथे असू तिथे खुंटी ठोकून टप्पा संपवायचा. धारेवर पोचलो त्या दिवशी दोन्हीकडचे समुद्र एकदम दिसले. एक निळा आणि एक जवळजवळ काळा. मी वेड्यासारखी ओरडले, आणि अख्खी छावणी माझ्याबरोबर ओरडली असं मला वाटलं, खरं तर आम्ही पाचच जण होतो.

पण परत पूर्वेला येऊन बेरीज केली तर जुळली नाही. जिथून निघालो तिथेच परत आलो, म्हणजे चढ-उतार मिळून शून्य यायला हवं. दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे चालतं. माझ्याकडे नऊ आले. चार सेंटीमीटरच्या वर गेलं तर रेषा बाद.

छावणीचे प्रमुख, आमचे साहेब, वाईट माणूस नाहीत, पण त्यांनी फील्डबुक मिटलं आणि म्हणाले की आकडे लिहिताना माझं लक्ष उडालं असणार. थकवा आला असणार, असंही म्हणाले, आणि ते मला जास्त लागलं. पंधरा एप्रिलला आमचं जहाज सुटतं. मार्चअखेर रेषा जुळली नाही तर ती पुढच्या मोसमात दुसऱ्या कुणाकडून मोजून घेतील आणि मला परत टेबलावर बसवतील. शिवाय मुलींना डोंगरावर पाठवावं की नाही, याबद्दल त्यांना अहवालात मत लिहायचंय. ते काय लिहितील ते मला न सांगता कळलं. माझ्या एकटीचं असतं तर रडून मोकळी झाले असते. पण माझ्यामागून जी कुणी येईल, तिच्या आधी माझे नऊ सेंटीमीटर तिथे पोचलेले असतील.

मी सगळं फील्डबुक दोनदा तपासलं. एकही वजाबाकी चुकलेली नाही. उद्यापासून पुन्हा पहिल्या टप्प्यापासून मोजायला घेते. पप्पांना एवढंच सांग की काम चालू आहे. तू मात्र आशीर्वाद दे, आणि शक्य तितक्या लवकर पत्र पाठव.

तुझी,
संध्या

*

कात्रप, बदलापूर (पूर्व)
दि. २६ फेब्रुवारी २००६

चि. संध्या हिस,
अनेक मंगल आशीर्वाद.

पप्पांना एवढंच सांगायचं हे मला जमलं नाही. सगळं सांगितलं. ते म्हणाले की पोरगी वजाबाकीत चुकणार नाही, चौथीत असताना दुकानदाराची चुकलेली बेरीज तिनं धरली होती. मग ते स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागले. तुला माहीत आहे, ते हलले की भांडी घासतात.

मला तुझ्या कामातलं काही कळत नाही. पण तुझं आधीचं पत्र आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचताना मला कारखान्यातली एक गोष्ट आठवली. ती लिहिते. चुकीची असली तर हसून सोडून दे.

तू बारावीला होतीस तेव्हाची गोष्ट. माझ्या मापाच्या टेपचं पितळी टोक तुटलं. मी डब्याचा पत्रा कापून नवं टोक दाबून बसवलं. छान बसलं, मलाच माझं कौतुक वाटलं. त्या आठवड्यात एका ऑर्डरच्या उजव्या पायांची लांबी मी मापून दुमडत होते आणि डाव्या पायांची कौसाबाई. साठ पँटी तयार झाल्या आणि साठही लंगड्या! एक पाय पाव इंच मोठा. मास्तरांनी सगळ्यांसमोर माझ्या शिलाईवर ठपका ठेवला. लक्ष नसतं म्हणाले, घरचे विचार डोक्यात घेऊन मशीनवर बसते म्हणाले. मी टाका न् टाका उसवून पाहिला. शिलाईत काही नव्हतंच. शेवटी कौसाबाईनं तिचा टेप माझ्या टेपशेजारी टेबलावर ताणून धरला, तेव्हा कळलं की माझं पत्र्याचं टोक पाव इंच लांब होतं.

आता नीट ऐक. दोन्ही पाय माझ्याच टेपनं मापले असते, तर साठही पँटी सारख्याच चुकल्या असत्या आणि दुनियेत कुणाला पत्ता लागला नसता. दोन्ही कौसाबाईच्या टेपनं मापले असते तरी चाललं असतं. एक पाय या टेपनं आणि दुसरा त्या टेपनं झाला, तिथे घात झाला. तुमच्याही दोन पट्ट्या आहेत, आणि एकीला बिजागरीची टोपी आहे. हरिचंद्र भाऊंच्या हाताला मी नावं ठेवत नाही. माझंही टोक सुबकच होतं.

त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या करून पाहिल्यास का? पाहिलं असशील तर माझं तोंड मिटलं. नसेल पाहिलं तर पत्र खाली ठेव आणि आधी ते कर.

आणि लक्ष उडालं असणार असं कुणी म्हणालं की मान खाली घालायची नाही. मी तेव्हा घातली होती. अजून पश्चात्ताप होतो.

पत्र आजच टाकते, शेजारचा राजरत्न मुंबईच्या मोठ्या पोस्टात नेऊन देतो म्हणालाय. काळजी घे, माया आहेच.

तुझी आई,
शालन

*

छावणी, पूर्व किनारा
दि. २० मार्च २००६

ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

जुळली! आई, रेषा जुळली!

आता क्रमानं सांगते, नाहीतर तू म्हणशील पोरीला नीट लिहिता येत नाही. तुझं पत्र दहा तारखेला होडीनं आलं. तोवर मी पहिले चार टप्पे पुन्हा मोजले होते आणि आकडे पहिल्यासारखेच आले होते. इतके सारखे, की माझ्या डोक्यातच काही बिघडलंय असं वाटायला लागलं होतं. तुझं पत्र मी ओढ्याच्या काठी उभ्यानंच वाचलं. टेपच्या गोष्टीपर्यंत आले आणि पट्ट्यांकडे धावले.

दोन्ही पट्ट्या शेजारी उभ्या करून मी पाहिल्या नव्हत्या. निघण्याआधी पाहिल्या होत्या, तसा नियमच आहे. टोपी बदलल्यावर पुन्हा पाहायला हव्या होत्या, आणि ते काम माझं होतं. काकांची टोपी इतकी सुरेख दिसत होती की मला गरजच वाटली नाही. एका सपाट खडकावर दोघी उभ्या केल्या आणि दुर्बिणीतून वाचल्या. सहा मिलिमीटरचा फरक! आपल्या गव्हाच्या दाण्याएवढा.

मग फील्डबुक काढलं. एका टप्प्यात यंत्र दोनदा, चारदा, सहादा मांडलं असेल तर सुरुवातीला आणि शेवटी एकच पट्टी येते आणि चूक आपोआप फिटते. तीनदा, पाचदा मांडलं की एका टोकाला एक पट्टी आणि दुसऱ्या टोकाला दुसरी. तुझ्या लंगड्या पँटी! मांडण्या सम असाव्यात हा नियम आम्हाला शिकवलेला आहे. मला नियम पाठ होता, कारण पाठ नव्हतं. म्हणून पावसाच्या घाईत मी तो सोडला. अकरांतले सात टप्पे विषम निघाले. येताना मी त्याच खुणांवर यंत्र मांडलं होतं आणि काकांची पट्टी तेव्हाही पुढेच होती, म्हणून तेच सात पुन्हा, चूकही त्याच बाजूला. चौदा वेळा सहा मिलिमीटर, म्हणजे चौऱ्याऐंशी. नव्वदातून चौऱ्याऐंशी गेले, राहिले सहा. चौदा किलोमीटर जाऊन-येऊन सहा मिलिमीटर, आई! मी भोकाड पसरलं. काकांना वाटलं घरून वाईट बातमी आली. ते धावत आले, आणि खरं काय ते कळल्यावर तेच रडवेले होऊन माफी मागायला लागले. मी त्यांना सांगितलं की टोपी तुमची होती, पण तपासणं माझं होतं.

साहेबांपुढे मी मान खाली न घालता उभी राहिले. चूक माझी आहे आणि ती कुठे आहे हे मला माहीत आहे, असं सांगितलं. त्यांनी कागदावरचं गणित ऐकून घेतलं, पण मानलं नाही. म्हणाले की कागदावर काहीही जुळवता येतं. धारेजवळचा नववा टप्पा निवडला, सगळ्यात अवघड, आणि फील्डबुक स्वतःच्या हातात घेऊन स्वतः चढले. साठीला टेकलेला माणूस, दोनदा घसरला, पण आला. मी मांडण्या सम ठेवल्या, जाताना आठ, येताना आठ. ते आकडे लिहीत होते, मी वाचत होते. खाली बसून त्यांनी बेरीज केली. पुन्हा केली. एक मिलिमीटर. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले की आता बाकीचे सहा विषम टप्पेही असेच घे, मी सही करतो. काल त्यातला शेवटचा झाला आणि त्यांनी सही केली. रेषा मान्य.

आजच पश्चिमेच्या नव्या वस्तीत भरतीच्या उंचीपासून सुरक्षित पातळीच्या खुणा केल्या. तिथले लोक वर्षभर पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत राहतायत, घरं कुठे बांधायची हे ठरत नव्हतं. आम्ही खांबांवर पांढरे पट्टे मारले आणि दुपारपर्यंत त्यांनी पट्ट्याच्या वरच्या अंगाला खड्डे खणायला सुरुवातही केली. एका आजीनं मला नारळ दिला आणि माझ्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला.

आता खरं सांगायचं ते. अहवालात एक रकाना असतो, चूक कशी सापडली. साहेब म्हणाले की तो तूच भर. मी लिहिलं: शालन भीमराव कांबळे, शिलाई कारागीर, उल्हासनगर, यांनी पत्रानं कळवलेल्या कारणावरून. साहेबांनी ते वाचून विचारलं की या बाई कोणत्या शाखेत असतात. मी म्हटलं जीन्समध्ये. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, मग म्हणाले की असू दे, खोडू नकोस. तो कागद आता कायमचा दप्तरात राहणार.

आणि मुलींबद्दलच्या मताच्या जागी त्यांनी एकच ओळ लिहिलीय, मला दाखवली. पुढच्या मोसमात पश्चिम किनाऱ्याची तुकडी माझ्या हाताखाली, आणि प्रशिक्षणातून आणखी दोन मुली पाठवाव्यात. दोन, आई!

पप्पांना मोठ्यानं वाचून दाखव. पंधराला निघते. तोवर माया सांभाळून ठेव.

तुझी,
संध्या

*

कात्रप, बदलापूर (पूर्व)
दि. ३ एप्रिल २००६

चि. संध्या हिस,
अनेक मंगल आशीर्वाद.

पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग मोतीबाईंना. मग त्यांनी खालच्या मजल्यावर जाऊन स्वतःच सांगितलं, जणू तुला निकोबारला त्यांनीच पाठवली. पप्पा पत्र खिशात घालून ड्यूटीवर गेले आणि येताना पेढे घेऊन आले. भीमजयंतीला विहारात तुझं नाव घेणार आहेत. तू तेव्हा छावणीतच असशील, पण आम्ही ऐकू.

मी पत्र कारखान्यात नेलं. कौसाबाईनं मशीनवर उभं राहून रकान्याचा भाग वाचला. लछूसेठ आले, जल्दी करो म्हणायला तोंड उघडलं आणि ऐकत तसेच थांबले. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं की उल्हासनगरचं नाव खरंच सरकारी कागदावर गेलं का. मी म्हटलं, आधी माझं गेलं साईं, मग उल्हासनगरचं. मास्तरही कात्री ठेवून ऐकायला आले. त्या साठ पँटींबद्दल मला बोलायचं होतं ते मी त्यांना बोलले, सगळ्यांसमोर, आणि मान वर ठेवून.

संध्या, माझं सातवीपर्यंत शिक्षण. माझ्या आईला सहीसुद्धा येत नव्हती. कुठल्याशा डोंगराच्या कागदावर माझं नाव कायमचं राहणार, हे मी काल रात्रीपासून स्वतःला समजावतेय. मला फार अभिमान वाटतो. तुझा तर वाटतोच, पण खरं सांगायचं तर थोडा माझाही वाटतो.

आता कामाचं. त्या दोन मुली येणार आहेत, त्यांच्या घरी एव्हाना कळलं असेल. त्यांच्या आया जेवत नसतील. शेजारच्या बायका त्यांना नको ते सांगत असतील. तू त्या मुलींना माझा पत्ता दे, पिनकोडसकट. त्यांच्या आयांना सांगायला सांग, भाषा कुठलीही असो, मोडकंतोडकं कसंही लिहा, बदलापूरला शालनबाईंना लिहा. मी सगळ्यांना उत्तर देईन.

वाट पाहते. नीट ये.

तुझी आई,
शालन